एचआयव्ही लसीच्या ट्रायलमध्ये व्हॉलंटियर व्हायचं असेल तर आधी हे वाचा

सगळ्यात आधी भीती काढून टाका. ट्रायलच्या लसीमुळे एचआयव्ही होत नाही, कारण त्यात अख्खा व्हायरस नसतोच, त्याचे तुकडे किंवा काही जीन्स असतात बस. आपल्या पुण्यात, भोसरीच्या नारीमध्ये (म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत) २००५ साली देशातली पहिली ट्रायल झाली तेव्हा ३० निरोगी लोक पुढे आले होते, आणि त्या लसीत एका निरुपद्रवी व्हायरसवर एचआयव्हीचे थोडे जीन्स चढवलेले होते. लस सुरक्षित निघाली पण शरीराने हवा तसा प्रतिसाद दिला नाही म्हणून पुढे गेली नाही. तरी ते ३० जण नसते तर हे कळलं असतं कुठून? मला त्या लोकांबद्दल खरंच खूप आदर वाटतो.

आता तुम्हाला जायचं असेल तर पहिलं काम, ती ट्रायल क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियावर नोंदलेली आहे का बघा, सगळ्यांना बघता येते, फुकट आहे. नोंद नसेल तर सरळ घरी या.

मग संमतीपत्र. हे तिथल्या तिथे सही करू नका, घरी न्या, मराठीतलं मागा, दोन दिवस घ्या, पेनने खुणा करा. चांगल्या ठिकाणी सहीच्या आधी छोटी परीक्षाच घेतात, म्हणजे "लस घेतली की काँडमची गरज नाही, बरोबर की चूक?" असे प्रश्न. उत्तर अर्थातच चूक! लस चालते की नाही हेच तर शोधायचंय, शिवाय तुम्हाला लस मिळाली की नुसतं सलाईनचं पाणी हे तुम्हालाही माहीत नसतं आणि टोचणाऱ्यालाही नसतं. मधेच सोडायचं असेल तर कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही. आणि ट्रायलमुळे काही त्रास झाला तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे, ते वाक्य कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

टोचल्यावर अर्धा तास तरी तिथेच बसवतात. घरी जाताना थर्मामीटर, एक मोजपट्टी आणि डायरी देतात, दंडावरची लाली किती सेंटीमीटर ते रोज संध्याकाळी पट्टी लावून मोजायचं आणि लिहायचं. कंटाळा येतो पण अंदाजे आकडे टाकू नका, ट्रायलच्या पहिल्या टप्प्यात मुख्य तपासणी सुरक्षिततेचीच असते आणि माणसं मोजकी असतात, तुमचा एक खोटा आकडा पण जड पडतो. बायकांना ट्रायलच्या काळात गर्भ राहू न देण्याची काळजी घ्यावी लागते, ते घरी आधीच बोलून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक विसरतात. लसीमुळे शरीरात एचआयव्हीविरुद्धच्या अँटीबॉडी तयार होऊ शकतात, आणि एचआयव्हीची नेहमीची रक्ततपासणी, म्हणजे एलायझा टेस्ट, मुख्यतः अँटीबॉडीच बघते, म्हणजे इन्फेक्शन नसतानाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो! काहींच्यात हे वर्षानुवर्षं राहतं. विचार करा, ऑपरेशनच्या आधी, बाळंतपणात, परदेशी नोकरीच्या मेडिकलला, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये टेस्ट झाली आणि घरच्यांच्या हातात तो कागद पडला तर? म्हणून टेस्ट करायची तर ट्रायलच्या सेंटरलाच, तिथे व्हायरस थेट शोधणारी पीसीआर करून खरं काय ते सांगतात. घरातल्या निदान एका माणसाला सहीच्या आधी हे नीट समजावून सांगा, जमलं तर समुपदेशकाकडे सोबत घेऊन जा. रक्तदानाचं पण आधीच विचारून घ्या.

ट्रायलचं ओळखपत्र मिळतं ते पाकिटात ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढा. शेवटच्या व्हिजिटला दोन गोष्टी मागायच्या, तुमची अँटीबॉडी टेस्ट आता काय दाखवते त्याचं लेखी पत्र, आणि मला लस मिळाली होती की पाणी ते कधी कळवणार त्याची तारीख. फोन नंबर बदलला तर सेंटरला नक्की कळवा, नाहीतर ते शोधत बसतात आणि तुमचं पत्र फाइलमध्येच पडून राहतं.