बॅकबोनवर आयपीव्ही६ चालू करताय? या चुका टाळा

बॅकबोनवर, म्हणजे नेटवर्कच्या मुख्य कण्यावर, आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, पुढे नुसतं व्ही६) चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी एकही तक्रार आली नाही, तर लगेच पेढे वाटू नका. ड्युअल स्टॅकमध्ये, म्हणजे जुनं आयपीव्ही४ (व्ही४) आणि व्ही६ शेजारी शेजारी चालत असताना, व्ही६ मेलं तरी व्ही४ गुपचूप काम उरकत राहतं. व्ही६कडून पाव सेकंदात उत्तर आलं नाही की ब्राउझर व्ही४कडे वळतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्यामुळे खालच्यातल्या बहुतेक चुका महिनोन्‌महिने झाकलेल्या राहतात. मग एखादा शास्त्रज्ञ काही टेराबाइट डेटा पाठवायला बसतो, आणि सगळं एकदम उघडं पडतं.

संशोधन नेटवर्कांनी ही वाट इतरांच्या बरीच आधी तुडवली. १९९६मध्ये सुरू झालेलं सिक्सबोन हे प्रयोगाचं जाळं मुख्यतः टनेलांवर, म्हणजे व्ही६ची पॅकेटं व्ही४च्या पॅकेटांत घालून नेणाऱ्या वाटांवर, उभं होतं. ते ६ जून २००६ला बंद झालं. अमेरिकेत इंटरनेट२ या विद्यापीठांच्या संघाच्या अबिलीन बॅकबोनवर २००२मध्येच व्ही६ टनेलशिवाय, थेट धावू लागलं. आपल्याकडचा धागा सांगायचा तर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचं टियर-२ (दुसऱ्या पातळीचं संगणन) केंद्र आहे, आणि अशा केंद्रांची डेटा साठवण २०१८ अखेरपर्यंत ड्युअल स्टॅक करायचं लक्ष्य एलएचसी या सर्नच्या कणत्वरकाचा डेटा हाताळणाऱ्या जागतिक ग्रिडने ठेवलं होतं. म्हणजे हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही.

पिंग जातो, लॉगिन होतं, फाइल अडकते

हे लक्षण दिसलं (पिंग म्हणजे पोच तपासायचं छोटं पॅकेट) की आधी एमटीयू, म्हणजे लिंकवर मावणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटचा आकार, बघा. बाकी सगळं नंतर.

व्ही४मध्ये पॅकेट मोठं असेल तर वाटेतला राउटर त्याचे तुकडे करू शकायचा. व्ही६मध्ये राउटर तुकडे करत नाही. तो पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट टू बिग’ असा आयसीएमपीव्ही६ निरोप धाडतो. आता कुठल्या तरी कॅम्पसच्या फायरवॉलवर, व्ही४च्या काळातल्या सवयीने, कोणीतरी आयसीएमपीचे असे निरोप सरसकट अडवून ठेवलेले असतात. निरोप पोचत नाही. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. जोडणी जुळवणारी पॅकेटं लहान असल्यामुळे ती मात्र आरामात जातात. म्हणून ब्राउझरची व्ही४वर उडी मारायची युक्तीही इथे चालत नाही. जोडणी जुळलीय म्हटल्यावर त्याचं समाधान झालेलं असतं.

संशोधन नेटवर्कात हे जास्त नडतं, कारण इथे नेहमीच्या १५०० बाइटांऐवजी ९००० बाइटच्या जम्बो फ्रेम्स (मोठाली पॅकेटं) असतात. दोन राउटरांमध्ये १५००वर राहिलेला एक स्विच असला तर आणखी पंचाईत. तो लेयर-२चा, आयपी पत्ते न बघणारा, त्याला निरोप पाठवताच येत नाही. फ्रेम गिळून मोकळा. लिंकच्या दोन्ही टोकांचा आणि मधल्या प्रत्येक पेटीचा एमटीयू हाताने तपासल्याशिवाय यातून सुटका नाही.

तपासताना एक गंमत लक्षात ठेवा. व्ही४वर ९०००ची लिंक तपासायला आपण पिंगचा आकार ८९७२ देतो, आणि बोटांना तोच आकडा बसलेला असतो. व्ही६चं शीर्ष (पॅकेटच्या सुरुवातीची माहिती) ४० बाइटांचं, व्ही४च्यापेक्षा २० बाइटांनी मोठं, त्यामुळे इथे ८९५२ द्यायचा. जुनाच आकडा दिलात तर पॅकेट ९०२०चं होतं. पाठवणाऱ्या मशीनला स्वतः तुकडे करायची व्ही६मध्ये मुभा आहे. ते तुकडे करून पाठवतं, पिंग जातो आणि लिंक ठणठणीत असल्याचा भास होतो. तुकडे करू नकोस, असा पर्याय देऊनच पिंग करा. फायरवॉलवर काय सोडायचं आणि काय अडवायचं हे इंटरनेटच्या नियम-शिफारशींच्या आरएफसी मालिकेतल्या ४८९०मध्ये नीट लिहिलेलं आहे; कॅम्पसच्या फायरवॉलवाल्यांशी वाद घालण्यापेक्षा ते पान त्यांच्या हातात द्या.

राउटिंग एकेका लिंकवर चालू करणं

आयएस-आयएस (राउटरांना वाटा शोधून देणारा प्रोटोकॉल) वापरणाऱ्यांनी इथे जपावं. ‘आज नागपूरची लिंक, उद्या हैदराबादची’ असं सावकाश जाणं शहाणपणाचं वाटतं. पण आयएस-आयएस मुळात व्ही४ आणि व्ही६साठी एकच नकाशा धरून चालतो. एका टोकाला व्ही६ आहे आणि दुसऱ्याला नाही, असं दिसलं की काही राउटर शेजारसंबंधच तोडतात; मग त्या लिंकवरचं चालतं-बोलतं व्ही४ही जातं. दुसऱ्या बाजूने ती तपासणी बंद केलीत, तर व्ही६ची पॅकेटं व्ही६ नसलेल्या लिंककडे धाडली जातात आणि तिथेच संपतात. उपाय म्हणजे मल्टी-टोपॉलॉजी, आरएफसी ५१२०. दोन नकाशे वेगळे ठेवा, ते सगळीकडे चालू झालं की मगच लिंका घ्या.

ओएसपीएफ हा अशाच कामाचा दुसरा प्रोटोकॉल वापरणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण व्ही६साठी ओएसपीएफव्ही३ वेगळाच चालतो. त्यांची चूक साधी असते. लिंकांच्या कॉस्ट (कुठली वाट आधी धरायची हे ठरवणारे आकडे) नव्या प्रोटोकॉलमध्ये उतरवायच्या राहतात आणि दोन्ही वाहतुकी भलत्या वाटांनी धावतात. आणि हो, ओएसपीएफव्ही३चा राउटर-आयडी अजूनही व्ही४ पत्त्यासारखा ३२ बिटांचाच आहे. राउटरवर एकही व्ही४ पत्ता नसेल तर तो हाताने द्यावा लागतो, नाहीतर प्रोटोकॉल उठतच नाही.

बीजीपीमध्ये, म्हणजे एका नेटवर्कने दुसऱ्याला वाटा कळवायच्या प्रोटोकॉलमध्ये, व्ही६चे मार्ग व्ही४च्या सेशनवरून नेता येतात, पण नेऊ नका. नेक्स्ट-हॉपचा, म्हणजे पॅकेट पुढे कुठल्या राउटरकडे द्यायचं याचा, घोळ होतो, आणि व्ही४चं सेशन पडलं की व्ही६ही पडतं. सेशन वेगळी ठेवा.

विसरलेली टनेलं

थेट व्ही६ आलं तरी जुनं टनेल कोणी काढत नाही, ‘असू दे, बॅकअप’ म्हणून. बीजीपीच्या लेखी टनेल म्हणजे एकच उडी, मग ते खाली समुद्र ओलांडून का जात असेना. त्यामुळे छोटी वाट म्हणून बीजीपी नेमकं तेच निवडतो. व्ही४ने १० मिलिसेकंदांत पोचणारं ठिकाण व्ही६ने ३०० घेत असेल, तर ट्रेसराउट (पॅकेटच्या वाटेतल्या राउटरांची यादी) काढा. त्यात टनेल सापडायची शक्यता मोठी. सिक्सबोनच्या काळात हे नेहमीचं दुखणं होतं.

पत्त्यांची चिक्कूगिरी

व्ही४ने आपल्याला काटकसर शिकवली, ती इथे उलटते. /३२ मिळालं (तिरक्या रेषेपुढचा आकडा जितका लहान, तितका पत्त्यांचा गठ्ठा मोठा) म्हणजे संस्थांना द्यायला ६५,५३६ /४८ मिळाले. तरी काही जण /५९ आणि /६१ असे तुकडे पाडतात. मग ते पत्ता ज्यात लिहितात त्या हेक्सच्या (१६-आधारी) अंकाच्या मधोमध तुटतात, रिव्हर्स डीएनएसचे (पत्त्यावरून नाव शोधायच्या यादीचे) झोन धड पडत नाहीत आणि रात्री दोन वाजता पत्ता वाचून तो कुठल्या शहरातला हे कोणाला सांगता येत नाही. चारच्या पटीत कापा. राउटर-ते-राउटर लिंकसाठी /६४ राखून ठेवा, पण प्रत्यक्षात /१२७ लावा. आरएफसी ६१६४ने २०११मध्ये हे मान्य केलं. काही प्रकारच्या लिंकांवर /६४ ठेवलं तर न वापरलेल्या पत्त्याकडे पाठवलेलं पॅकेट दोन राउटरांमध्ये हॉप लिमिट (उड्यांची मर्यादा) संपेपर्यंत टोलवाटोलवी खेळत बसतं.

मागचं दार

राउटरच्या लॉगिनवर कोणाला आत सोडायचं याची व्ही४ची कडक यादी आहे आणि व्ही६ची यादीच नाही, हा प्रकार मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलाय. दोन्ही याद्या स्वतंत्र असतात. आजच बघा. वाहतूक मोजायला अजून नेटफ्लो ५ वापरत असाल तर त्यात व्ही६ दिसतच नाही. ९ किंवा आयपीफिक्स लागतं.

देखरेखही दोन्हींची वेगळी हवी. परफसोनार या नेटवर्क मोजायच्या साधनात प्रत्येक चाचणी व्ही४साठी आणि व्ही६साठी स्वतंत्र लावता येते. नावाने तपासणाऱ्या साधनावर भरवसा ठेवू नका, ते गुपचूप व्ही४ने जाऊन हिरवा दिवा दाखवतं.

एवढं झाल्यावर नॉकमधल्या (नेटवर्क नियंत्रण कक्षातल्या) एका मशीनवरचं व्ही४ दिवसभरासाठी काढून टाका आणि तिथून रोजचं काम करा. आम्ही ते केलं तेव्हा बॅकबोन व्यवस्थित होता. उघडत नव्हती ती तक्रारी नोंदवायची आमचीच प्रणाली.