'मेक' सापडेना तेव्हा

रावेरला मामांच्या मळ्यातल्या केळीच्या घडांची वजनं 'आर' या आकडेमोडीच्या प्रोग्रामिंग भाषेत मांडत होतो. हिशेब फार सावकाश चाले, म्हणून आतला लूप (तीच आकडेमोड पुन्हापुन्हा करणारा भाग) सी++ या वेगवान भाषेत लिहिला आणि 'आरसीपीपी'ने (आरला सी++ जोडणारं पॅकेज) कंपाइल करायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायला घेतला. लाल अक्षरांचा ढीग आला. मी शेवटची ओळ तेवढी वाचली आणि दोन संध्याकाळी स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसलो. मामी जेवायला हाका मारून थकल्या.

खरं कारण वरच्या ओळीत होतं: 'मेक', म्हणजे कंपाइलची कामं क्रमाने करून घेणारा प्रोग्राम, सापडत नाही. विंडोजवर आरसोबत कंपायलर आणि मेक येत नाहीत, ते 'आरटूल्स' या साधनसंचातून वेगळे टाकावे लागतात. शिवाय आवृत्ती जुळलीच पाहिजे. आर ४.३ ला आरटूल्स ४३, ४.४ ला ४४. माझ्याकडे आर ४.४, आणि आरटूल्स मित्राच्या पेन ड्राइव्हवरून घेतलेलं ४२!

४४ टाकलं, आर बंद करून पुन्हा उघडलं. 'सिस.विच' या आरच्या फंक्शनला 'मेक' कुठे आहे ते विचारलं. आधी नुसती रिकामी अवतरणचिन्हं यायची, आता पूर्ण पत्ता आला.

फोल्डरचं नाव 'केळी वजन' होतं. मोकळ्या जागेपाशी मेक नाव तोडतो, म्हणून तेही इंग्रजी अक्षरांत, सलग केलं. मग कंपाइल झालं, आणि मामांना त्याच रात्री घडांची सरासरी दाखवली.