रताळ्याचे गावठी वाण जमवताय? या चुका टाळा

रताळ्याच्या वाणांचा संग्रह सुरू करणं अगदी सोपं. वेल तोडली, मातीत खोचली, की मुळं धरते. म्हणूनच या कामात उतावळ्यांची गर्दी असते आणि दोन हंगामांनंतर अमुक वाफ्यात नेमकं काय आहे, हे कुणाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

पहिला गैरसमज बियांचा. रताळ्याच्या पेशीत गुणसूत्रांचे सहा संच, म्हणजे एकूण ९० गुणसूत्रं असतात आणि बहुतेक वाणांना स्वतःचा पराग चालत नाही. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवीच जुळणी. जनुकं साठवायला बी उत्तम, नीट सुकवून थंडीत ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण तोच गर, तीच चव, तोच वाण हवा असेल तर वेलच राखावी लागते.

दुसरी चूक नावावर विसंबण्याची. ‘लाल’ आणि ‘पांढरं’ ही नावं गावोगाव सापडतात आणि त्यामागे भलतेच वाण निघतात. एकाच शेतात पानाचा आकार किंवा सालीचा रंग वेगळा दिसला, तर शेतकरी एकच नाव सांगत असला तरी दोन क्रमांक द्या. नक्कल निघाली तर पुढे काढून टाकता येते, एकत्र केलेलं मात्र निवडता येत नाही. काढणीच्या तोंडावर जा, म्हणजे वेल आणि कंद दोन्ही एकाच वेळी बघायला मिळतात. आणि फक्त देखणी, मोठी रताळी उचलू नका. वेडीवाकडी, तंतुमय, कमी गोड रताळी कुणीच जमवत नाही, म्हणून तीच आधी नाहीशी होतात.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: वाफ्यांतली सरमिसळ. एका संग्रहात दोन वाण शेजारी-शेजारी होते, एक लाल सालीचा, एक पांढऱ्या. पावसात वेली एकमेकींत शिरल्या आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं धरून बसल्या. पुढच्या लावणीचं बेणं घाईघाईत कडेच्या वेलींवरून कापलं गेलं. काढणीला पांढऱ्याच्या वाफ्यात चार लाल कंद निघाले, तर ‘जमिनीचा गुण असेल’ म्हणून सोडून दिले. त्याच वाफ्यातून पुन्हा बेणं घेतलं. लाल वाणाची वेल जास्त जोमदार होती, तिने दुसरीला दाबलं. शेवटी पांढऱ्या वाणाची उरली फक्त पाटी.

यावर उपाय कंटाळवाणे आहेत आणि तेच चालतात. दोन वाफ्यांत किमान एक मीटर मोकळी जागा ठेवा. दर पंधरवड्याला वेली उचलून आपापल्या वाफ्यात परता. खोल कातरलेल्या पानाच्या वाणाशेजारी हृदयाकृती पानाचा वाण लावा, घुसखोर लांबूनच दिसतो. बेणं मधल्या झाडांचंच घ्या आणि वेल बुडापर्यंत हाताने चाचपून मगच कात्री लावा. काढणीत राहून गेलेले कंद पुढच्या हंगामात फुटतात, म्हणून त्याच जागी लगेच दुसरा वाण नको. फुलं येत असतील तर गळालेल्या बियांची रोपंही उपटा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याने संग्रह करूच नये.

बेणं घेताना शेंड्याकडचा २५ ते ३० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, पाच-सहा पेरी असलेला. बुडाकडच्या जुन्या वेलीत सोंड्या भुंग्याची (वेल आणि कंद पोखरणारी कीड) अंडी-अळ्या असण्याचा धोका जास्त असतो. कंद न्यायचाच असेल तर बारीक छिद्रं आणि कडवट वास तपासा. एका वाणाची निदान पाच झाडांवरची वेल घ्या. खालची पानं काढा, ओलसर (थेंब गळणारा नव्हे) कागदात गुंडाळा आणि छिद्रांच्या पिशवीत सावलीत ठेवा. बंद पिशवी उन्हात तापलेल्या गाडीत ठेवली, तर संध्याकाळपर्यंत काळी पडलेली पानं आणि बुळबुळीत देठच हाती येतात.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते. एक जुडीच्या आत, एक बाहेर. त्यावर क्रमांक, स्थानिक नाव, गाव आणि तारीख, बाकीचं नोंदवहीत.

कंद फ्रिजमध्ये ठेवू नका. १० अंशांखाली ते आतून बिघडतात, १३ ते १५ अंश ठीक.

पानांचं वर्णन मुख्य वेलीच्या मधल्या भागातल्या पानांवरून करा. शेंड्याचं पान आणि जून पान वेगळी दिसतात, आणि यावरूनच एका वाणाचे दोन केले जातात.

विषाणूंबाबत बहुतेकजण डोळ्यांवर भिस्त ठेवतात. मावा एक विषाणू पसरवतो, पांढरी माशी दुसरा. एकेकटे असताना लक्षणं पुसट असतात, दोन्ही एकत्र आले की वेल खुरटते. शेंडा कापून घेतल्याने विषाणू सुटत नाही. संशय आला तर त्या वेलीचा तुकडा ‘आयपोमिया सेटोसा’ या रानवेलीवर कलम करा. विषाणू असेल तर तिच्या नव्या पानांवर काही आठवड्यांत लक्षणं दिसतात. नवं आलेलं बेणं जुन्या संग्रहापासून दूर, जाळीच्या आत वाढवा.

एकाच शेतात सगळा संग्रह ठेवणं म्हणजे एका पुराची वाट बघणं. दुसऱ्या गावी एक प्रत ठेवाच. जमलं तर ऊतीसंवर्धन (वेलीचे बारीक तुकडे काचेच्या नळीत वाढवणं) करणाऱ्या संस्थेकडेही द्या. पेरूची राजधानी लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात रताळ्याचे हजारो नमुने असेच नळ्यांत जपले आहेत. रताळं पीक जनुकीय संसाधनांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या (२००१) यादीत, म्हणजे देशादेशांत देवाणघेवाण सोपी केलेल्या पिकांत आहे, पण म्हणून कुणाच्याही शेतातून न विचारता वेल आणायची मोकळीक मिळत नाही. आधी शेतकऱ्याची संमती घ्या, देशाबाहेर बेणं पाठवायचं तर परवानगी आणि क्वारंटाइनचे कागद करा. आणि ज्याने वेल दिली, त्याचा वाण पुढे बुडाला तर त्याला परत देता यावी, यासाठी त्याचं नाव आणि शेताची खूण नोंदवहीत लिहून ठेवा.