‘किती वाजले?’ला काय उत्तर द्यायचं

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ८३ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. माणसं त्या अजून ओळखतात, घरही ओळखतात. वेळ मात्र सगळ्यात आधी हातातून सुटली. रात्री अडीचला स्वयंपाकघरात भांडी वाजायची. उठून बघावं तर आई पदर खोचून, नळाखाली कळशी लावून उभ्या. म्हणायच्या, “अगं, नर्मदेचं पाणी जाईल ना!”

इंदूरच्या बाईला हे सांगावं लागत नाही. १९७८ साली नर्मदा शहरात आली तरी पाण्याची धास्ती काही गेली नाही. आजही कितीतरी भागांत नळ एक दिवसाआड येतो. आईंचा जन्म पहाटे उठून पाणी भरण्यात गेला. घड्याळ विसरलं, ती धास्ती अंगात राहिली.

आधी मी घड्याळ दाखवायची. “आई, अडीच वाजलेत, रात्र आहे.” त्या बघायच्या, “अडीच” म्हणायच्या आणि परत नळाकडे वळायच्या. आकडा वाचता येत होता, त्यावरून काही उमगत नव्हतं. एका रात्री मी बादली भरली, झाकण ठेवलं आणि त्यांना तिथे नेलं. “पाणी भरून झालं, आई.” त्यांनी झाकण उचललं, बोट बुडवून बघितलं आणि जाऊन झोपल्या.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगते. ‘किती वाजले?’ असं विचारलं की आकडा सांगायची घाई करू नका. कशाची काळजी लागली आहे ते शोधा. माझं काही राहिलं का, कोणी यायचंय का, मला उशीर झाला का, असंच काहीतरी त्यामागे असतं. उत्तर त्या काळजीला द्या. आमच्या न्हाणीघरात आता रोज रात्री भरलेली, झाकलेली बादली असते.

संध्याकाळी दुसरा प्रश्न यायचा, “हे अजून आले नाहीत?” दादा, म्हणजे माझे सासरे, हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली, आणि दादांना जाऊनही आता १४ वर्षं झाली. मी दोन-तीनदा खरं सांगितलं. प्रत्येक वेळी आई ती बातमी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या रडल्या, आणि तासाभराने पुन्हा विचारलं. ते मी पुन्हा करणार नाही. ‘येतीलच’ असं खोटंही माझ्याने बोलवत नाही. मी म्हणते, “दादांना थालीपीठ लोण्याबरोबर आवडायचं की दह्याबरोबर?” मग आई दादांबद्दल बोलत राहतात, आणि त्यांना हवं असतं ते एवढंच.

संध्याकाळी ही माणसं जास्त का बिथरतात, ते डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर शरीराचं घड्याळ असतं. उजेड बघून ते रोज जुळतं. या आजारात तेही झिजतं. त्यामुळे त्याला बाहेरून मदत करावी लागते. सकाळी चहा झाला की आईंना मी गच्चीवर नाहीतर ओट्यावर अर्धा-पाऊण तास बसवते. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, ते ऐकून आई स्वतःच म्हणतात, “सकाळ झाली.” असे आवाज आणि वास जपा, घड्याळापेक्षा तेच जास्त सांगतात. फोडणीचा वास म्हणजे पोहे, पोहे म्हणजे सकाळ. म्हणून आमच्याकडे संध्याकाळी पोहे करायचे मी बंदच केले.

दुपारची झोप अर्ध्या तासाच्या वर जाऊ देऊ नका. चार वाजल्यानंतर चहा नको. डिसेंबरात पावणेसहाला अंधारायला लागतं, तेव्हा मी पाचलाच सगळे दिवे लावते आणि पडदे ओढते, कारण काळ्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की आई घाबरतात. याच वेळी हाताला काम द्यायचं. मटार सोलणं, पावसाळ्यात किसासाठी भुट्टे सोलणं, काहीही. मग देवाजवळ दिवा आणि शुभंकरोति. पण काडेपेटी माझ्या कपाटात. रात्री उठून त्या दिवा लावायला जातील ही भीती खरी आहे.

मुलाने वार-तारीख दाखवणारं मोठं घड्याळ आणलं, पण त्यावर वार इंग्रजीत. आई तिकडे बघतसुद्धा नाहीत. रोज पान फाडायचं कॅलेंडर आणलं, तर एका दुपारी आठवडा फाडून झाला. उपयोगी पडली ती पाटी. आई शाळेत शिकवत होत्या. रोज सकाळी मी वार आणि तिथी सांगते, त्या खडूने लिहितात. दिवसभर माझं म्हणणं त्या खोडून काढतील, पण पाटीवर स्वतःचं अक्षर दिसलं की गप्प होतात. हात चालतो तोवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

पुढचं आधीपासून सांगू नका. संध्याकाळी लग्नाला जायचंय असं मी एकदा सकाळी बोलून गेले. दहा वाजता आई ठेवणीतली साडी नेसून दारात बसल्या, जेवल्या नाहीत की आडव्या झाल्या नाहीत. आता चपला पायात घालतानाच सांगते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. वेळेचा गोंधळ हळूहळू वाढणं वेगळं आणि एक-दोन दिवसांत एकदम वाढणं वेगळं. गेल्या पावसाळ्यात आईंना अचानक दिवस-रात्र कळेना, भिंतीवर माणसं दिसू लागली. ताप नव्हता. निघाला लघवीचा संसर्ग. औषध सुरू झाल्यावर पुष्कळसं निवळलं. पाणी कमी पिणं, बद्धकोष्ठता, नवीन गोळी, यानेही असं होतं. थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. गोंधळ वाढतो, तोल जातो, रात्री पडायची भीती असते. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल सुरू असेल आणि रात्री झोप उडत असेल, विचित्र स्वप्नं पडत असतील, तर ती गोळी सकाळी देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. अजून तपासणीच झाली नसेल तर थायरॉइड आणि बी-१२ बघून घ्या. तिथली कमतरता भरून काढता येते.

रात्रीची जबाबदारी आम्ही वाटून घेतली आहे. एक रात्र माझी, एक यांची. दाराच्या कडीला घुंगरू बांधलं आहे, बाथरूमपर्यंत मंद दिवा असतो, आणि आईंच्या गळ्यातल्या साखळीत नाव आणि आमचा नंबर कोरलेला बिल्ला आहे. घरात दुसरं कोणी हाताशी नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांचा सरकारी हेल्पलाइन नंबर लिहून ठेवा.

आज माझी रात्र आहे. बादली भरून झाली.