जुने बिटमॅप फॉन्ट सोर्समधून बसवण्याआधीची तयारी

कंपाइलरला हात लावण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: हा बिटमॅप (ठिपक्याठिपक्यांनी, ठरावीक आकारात रेखलेला) फॉन्ट वाचणार कोण? एक्सटर्म टर्मिनल किंवा जुने विंडो मॅनेजर थेट एक्स सर्व्हरकडून, म्हणजे लिनक्ससारख्या सिस्टिमवर पडद्यावरच्या खिडक्या काढणाऱ्या प्रोग्रॅमकडून, अक्षरं मागतात, त्यांना पीसीएफ फाइल (मजकूर-रूपातल्या बीडीएफ सोर्सवरून बनणारी तयार फॉन्ट-फाइल) पुरते. जीटीके या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीवरचे प्रोग्रॅम मजकुरासाठी पँगो ही लायब्ररी वापरतात, आणि २०१९ सालच्या १.४४ आवृत्तीपासून पँगोने बीडीएफ-पीसीएफचा आधार काढून टाकला आहे. तिथे तीच अक्षरं ओटीबी, म्हणजे ओपनटाइपच्या वेष्टनातला बिटमॅप, म्हणून द्यावी लागतात. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये सर्व्हरकडचे फॉन्ट हा प्रकारच नाही. फॉन्ट बसवला पण दिसत नाही अशा बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं, म्हणून हे आधी ठरवा.

मग हत्यारं गोळा करा. सी कंपाइलर, मेक, पीकेजी-कॉन्फिग, जीझिप. एक्सकडून फॉन्ट-युटिल, बीडीएफटूपीसीएफ, एमकेफॉन्टस्केल (डिरेक्टरीतल्या फॉन्टची सूची बनवणारा एमकेफॉन्टडिर आता त्याच्याबरोबरच येतो), सर्व्हरला फॉन्टची वाट सांगणारा एक्ससेट आणि सर्व्हरकडचे फॉन्ट दाखवणारा एक्सएलएसफॉन्ट्स. ओटीबी हवा असेल तर फॉन्टटूएसएफएनटी किंवा फॉन्टफोर्ज. यात फॉन्ट-युटिल सगळ्यात आधी बसवा. युनिकोडच्या मूळ फाइलमधून आयएसओ ८८५९ या जुन्या, छोट्या कॅरॅक्टर सेटचे उपसंच काढणारा यूसीएसटूएनी आणि त्याला लागणारे नकाशे त्यातच असतात, आणि गिटमधून घेतलेला सोर्स त्याच्या मॅक्रोशिवाय ऑटोकॉन्फच्या (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करण्याच्या) पायरीवरच अडतो.

सोर्स उघडल्यावर बीडीएफ फाइल डोळ्यांखालून घाला. ती साधी मजकुराची फाइल असते, आणि इतकी उघडीवाघडी रचना आजच्या फॉन्टमध्ये क्वचितच बघायला मिळते. आठ पिक्सेल रुंद ‘ए’च्या बिटमॅपखाली १८, २४, ४२, ४२, ७ई, ४२, ४२ अशा हेक्स (सोळाच्या पायाच्या) आकड्यांच्या सात ओळी असू शकतात. १८ म्हणजे बायनरीत ०००११०००, हे शेंडीचे दोन ठिपके. ७ई म्हणजे ०११११११०, ही आडवी दांडी. प्रत्येक ओळ पूर्ण बाइटपर्यंत भरावी लागते. त्यामुळे सहा पिक्सेल रुंद अक्षराला दोन हेक्स अंक, तर नऊ पिक्सेल रुंद अक्षराला चार. हाताने अक्षर बदलताना चूक होते ती याच जागी. एखादं अक्षर वाढवलं किंवा काढलं, तर वरच्या ‘कॅर्स’ ओळीतला आकडाही बदला. मोजणी जुळली नाही की बीडीएफटूपीसीएफ फाइल नाकारतो.

‘फॉन्ट’ या ओळीतलं लांबलचक नावही नीट वाचा. ते १४ घरांचं असतं. ॲडोबी हेल्वेटिकाच्या नावात १२-१२०-७५-७५ दिसलं, तर उंची १२ पिक्सेल आणि ७५ डीपीआयवर (इंचामागे ७५ ठिपके) १२ पॉइंट; १२० हा आकडा पॉइंटच्या दहाव्या भागांत असतो. त्याच १२ पॉइंटचा १०० डीपीआयचा फॉन्ट १७ पिक्सेलचा असतो. दोन्ही संच डोळे झाकून बसवू नका, आपल्या पडद्याला कोणती पिक्सेल उंची हवी ते बघून निवडा. शेवटच्या दोन घरांत कॅरॅक्टर सेट असतो. युनिकोड हवा असेल तर तिथे आयएसओ१०६४६-१ असायला हवं. नको असलेले उपसंच कॉन्फिगरच्या डिसेबल पर्यायांनी बंद केले की फाइलींची गर्दी टळते.

जागा मात्र स्वतंत्र ठेवा: /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स याखाली नवी डिरेक्टरी, आणि कॉन्फिगरला विथ-फॉन्टरूटडिर किंवा विथ-फॉन्टडिर देऊन तसं सांगा. कारण फॉन्ट्स.डिर ही सूची डिरेक्टरीमागे एकच असते. सिस्टिमच्या डिरेक्टरीत हात घातला, तर पॅकेज मॅनेजरची सूची आणि तुमची सूची एकमेकींवर लिहिल्या जातात. होम डिरेक्टरीत ठेवायचं असेल तर परवानग्या तपासा. सर्व्हर दुसऱ्या युजरच्या नावाने चालत असेल आणि होमची परवानगी ७०० (फक्त मालकाला प्रवेश) असेल, तर त्याला आत शिरताच येत नाही.

फॉन्ट बसल्यावर नवी डिरेक्टरी सर्व्हरला कळवा: आधी एक्ससेट प्लस एफपी (वाट जोडायला), मग एक्ससेट एफपी रीहॅश (सूची पुन्हा वाचायला). ‘बॅड फॉन्ट पाथ एलिमेंट’ असा संदेश आला तर तीन शक्यता: डिरेक्टरीच नाही, परवानगी नाही, किंवा एमकेफॉन्टडिर चालवायचं राहिलं. फॉन्ट्स.डिरची पहिली ओळ पाहा. तिथे शून्य असेल तर एकही फाइल ओळखली गेलेली नाही. हे सगळं एक्स सर्व्हर चालतो त्या मशीनवर करायचं. दूरच्या मशीनवरून नुसता प्रोग्रॅम चालवत असाल तर तिथे फॉन्ट बसवून उपयोग नाही.

फॉन्टकॉन्फिगच्या, म्हणजे सर्व्हरला न विचारता प्रोग्रॅमला फॉन्ट शोधून देणाऱ्या लायब्ररीच्या, वाटेने जाणार असाल तर /ईटीसी/फॉन्ट्स/कॉन्फ.डी मध्ये ‘७०-नो-बिटमॅप्स’ने सुरू होणारा दुवा आहे का ते पाहा. तो असेपर्यंत फॉन्ट एफसी-लिस्टच्या यादीत दिसतच नाही, यादी ताजी करणारा एफसी-कॅश कितीही वेळा चालवा. दुवा काढून एफसी-कॅश -एफ -व्ही द्या. आकारही नेमका मागा: ९६ डीपीआयवर ९ पॉइंट म्हणजे बरोबर १२ पिक्सेल, पण १० पॉइंट म्हणजे १३.३३, आणि तेवढ्या उंचीचा बिटमॅप अस्तित्वातच नसतो. मग एक तर अक्षर ताणलं जाऊन फाटतं, नाहीतर गुपचूप दुसराच फॉन्ट येतो.

एक्ससेटने जोडलेली वाट सेशनपुरतीच टिकते. ती कायम हवी तर तीच ओळ एक्स सुरू होताना चालणाऱ्या एक्सइनिटआरसी फाइलमध्ये घाला, किंवा सर्व्हरच्या सेटिंगच्या एक्सऑर्ग.कॉन्फ फाइलच्या ‘फाइल्स’ विभागात फॉन्टपाथ म्हणून नोंदवा. बिल्ड डिरेक्टरी लगेच पुसू नका, मेक अनइन्स्टॉल तिथूनच चालतं; आणि ते चालवल्यावर उरलेल्या फाइलींसाठी एमकेफॉन्टडिर पुन्हा एकदा द्या.