नळीला काय रुचतं ते नळीलाच विचारा

एअर रायफलचे पाच छर्रे टार्गेटवर एकाच भोकात गेले आणि मी त्या लॉटच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या छर्‍यांच्या, वीस डब्या उचलल्या. निम्मे पैसे मैत्रिणीकडून उसने घेतले होते. दोन महिन्यांनी स्पर्धेत, हात अजिबात हललेला नसताना, शॉट दहाच्या बाहेर, 9.8 ला जाऊन बसायला लागले. मी ट्रिगरला दोष दिला, जॅकेटला दिला, आदल्या रात्रीच्या जागरणालाही दिला. छर्‍यांवर संशय यायला आणखी महिना गेला.

2024 मध्ये स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) कांस्य मिळवल्यापासून आमच्या रेंजवर नवी पोरं येतात आणि तिसर्‍याच दिवशी विचारतात, "ताई, गोळी कुठली भारी?" हा प्रश्नच चुकीचा आहे. भारी गोळी अशी नसते, तुमच्या रायफलच्या नळीला रुचणारी असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली वेगवेगळा लॉट पसंत करतात. शेजारच्या लेनवरच्या दादाचे छर्रे बघून आपले घेणं म्हणजे त्याच्या चष्म्याचा नंबर घेऊन स्वतःचा चष्मा करणं.

परदेशात मोठ्या बोअरच्या रायफलीवाले बंदुकीची दारू तोलून, काडतुसाचं धातूचं कवच (केस) मापून आपली काडतुसं स्वतः भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय तसं करणं म्हणजे बेकायदा दारूगोळा बनवणं, तेव्हा तो नाद सोडा. शिवाय पॉइंट टू टूच्या, म्हणजे 50 मीटरवर वापरतात त्या .22 रायफलच्या, गोळीत पेट घेणारा मसाला केसच्या कडेतच बसवलेला असतो, ती घरी भरायची सोयच नाही. आपल्या हातात राहतं ते निवडणं.

आधी एअर रायफलचा हिशेब. 10 मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचारचा. 10.0 पासून 10.9 पर्यंत दशांशाची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची. शॉटमागे सरासरी 0.05 जरी गेले तरी 60 शॉटमध्ये 3 गुण गेले, आणि फायनलची रेघ त्याहून कमी फरकानं हुकते. पण तुमचा स्कोअर अजून 600 च्या आत असेल, तर माझं स्पष्ट मत, वेगवेगळे लॉट मारून बघण्यावर, म्हणजे टेस्टिंगवर, पैसे घालवू नका. तुमची पोझिशन छर्‍यापेक्षा कितीतरी जास्त फेकते आहे. बर्‍या मॅच छर्‍यांची एक डबी घ्या आणि सराव करा.

त्याच्या पुढे गेलात की टेस्टिंग. माझी चूक पाच शॉटच्या ग्रुपवर, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांच्या पुंजक्यावर, विश्वास ठेवण्याची होती. तोच छर्रा, तीच रायफल, क्लॅम्पमध्ये घट्ट बसवलेली, तरी एक ग्रुप छोटा येतो आणि दुसरा पसरतो. चार लॉटचे एकेक ग्रुप मारले तर त्यांतला एक छान दिसणारच, त्याचं नाव नशीब. आता मी प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे किमान चार ग्रुप मारते आणि क्रम उलटसुलट ठेवते: अ, ब, क, मग क, ब, अ. नाहीतर रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब उतरतो, ऊन चढतं, आणि त्याचा दंड शेवटच्या लॉटला बसतो. चारही ग्रुप एकमेकांवर ठेवून बघते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक शॉटचं अंतर काढून सरासरी घ्या. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर एका वाया गेलेल्या शॉटनंही बिघडतं.

क्लॅम्प नसेल तर टेबलावर टेकून मारा, पण मग वाट्या लागतील. घरातल्या चार स्टीलच्या वाट्या, खाली चिकटवलेले नंबर, आणि कुठल्या वाटीत कुठला लॉट हे फक्त मैत्रिणीला ठाऊक. महागडा छर्रा हातात आहे हे कळलं की माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. पहिल्यांदा वाट्या लावल्या तेव्हा माझी लाडकी डबी तिसरी आली.

डबीवरच्या 4.49, 4.50 या व्यासाच्या आकड्यांचं फार मनावर घेऊ नका. मी एकदा सोनाराचा काटा मागून आणून रात्रभर छर्रे तोलले. अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच्या त्या छर्‍यांच्या वजनानुसार ढिगारे केले. टार्गेटवर मला काही फरक दिसला नाही, झोप तेवढी गेली. चेपलेल्या कडांचे छर्रे मात्र जरूर बाजूला काढा. आणि हात धुवा. शिसं आहे ते, त्याच बोटांनी वडापाव खाऊ नका.

पॉइंट टू टूला गेलात की वेगाचा प्रश्न येतो. ढोबळ हिशेबानं, सुमारे 325 मीटर प्रतिसेकंद वेगाच्या गोळीच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर 50 मीटरवर ती सात-आठ मिलिमीटर खाली-वर जाते. तिथला दहा 10.4 मिलिमीटरचा! म्हणून ग्रुप उभा लांबलेला दिसला तर आधी लॉटकडे बघा. दुसरी गोष्ट, गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ब्रँड बदलला की पहिले पंधरा-वीस शॉट नळी नव्या वंगणाला सरावण्यात जातात. ते धरू नका. मी धरले होते आणि एक चांगला लॉट परत केला होता.

लॉट जमला की नंबर वहीत लिहा आणि झेपतील तेवढी खोकी त्याच दिवशी घ्या. तोच ब्रँड पुढच्या वर्षी मिळेल, तोच लॉट मिळेलच असं नाही. माझ्या सध्याच्या लॉटच्या सात डब्या उरल्यात. त्या फक्त स्पर्धेसाठी, कपाटात वरच्या खणात. सरावाला त्या फसलेल्या वीस डब्याच अजून चालू आहेत.