पाऊचवर पालक, आत नाशपाती: बाळासाठी प्युरी घेताना या चुका टाळा

पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो आणि कात्रजचा बोगदा यायच्या आतच धाकट्याने भोकाड पसरलं. तेव्हा तो दहा महिन्यांचा. डब्यातला मऊ भात घरीच संपला होता. पिशवीत एक पाऊच होता, ठळक अक्षरांत ‘पालक, वाटाणा, नाशपाती’ लिहिलेला, वर पालकाची हिरवीगार पानं. पठ्ठ्याने दोन मिनिटांत तो चोखून चपटा केला आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पोराने पालक खाल्ला!

कोल्हापुरात मावसबहिणीने ते रिकामं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली. नाशपाती जवळपास तीन चतुर्थांश, पालक दहा टक्क्यांच्याही आत. म्हणाली, “ताई, हा पालक नव्हे. नाशपातीला पालकाचं बोट लागलंय.”

पाऊच वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत, पाहुण्यांच्या घरी ते उपयोगी पडतात. घोटाळा दोनच ठिकाणी होतो. आपण पुढचं चित्र बघून घेतो, आणि घरी आणल्यावर फळाला जेवणाची जागा देऊन बसतो.

पुढची बाजू वाचून टोपलीत टाकणं

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिलं नाव ज्याचं, पाऊच त्याचा. नाव ‘गाजर-बीट-सफरचंद’ असो की ‘बागेतल्या भाज्या’, यादीत पहिलं सफरचंद असेल तर तो सफरचंदाचा पाऊच. टक्केवारी दिली असेल तर काम आणखी सोपं.

भाजीच्या पाऊचमध्ये फळ एवढं का असतं, यालाही कारण आहे, आणि ते फक्त गोडीचं नाही. सफरचंद, नाशपाती, आंबा, पपनस ही कमी-जास्त प्रमाणात आंबट. अन्नाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं अन्न आंबट) ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू त्यात वाढत नाहीत, त्यामुळे प्युरी गरम असताना भरून सील केली तरी भागतं. पालक, वाटाणा, गाजर, भोपळा यांचा पीएच त्याच्या वर. नुसती भाजी भरायची तर बंद पाकीट दाबाखाली १२१ अंशांच्या आसपास तापवावं लागतं, म्हणजे कुकरचाच मोठा भाऊ. त्यापेक्षा भाजीत भरपूर सफरचंद किंवा थोडा लिंबाचा रस घालणं कारखान्याला सोपं, आणि बाळही गोड म्हणून नाक मुरडत नाही.

म्हणूनच घरी केलेली भाजीची प्युरी धुऊन वापरायच्या पाऊचमध्ये भरून बाहेर ठेवू नका. तो पाऊच दिसतो दुकानातल्यासारखा, टिकतो मात्र वाटीतल्या भाजीइतकाच. फ्रिजमध्ये ठेवा, दिवसभरात संपवा.

दुसरा तोटा जरा उशिरा कळतो. मूल एखादी चव स्वीकारायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चाखावी लागते. दुधीची चव दुधीसारखी लागली तरच ती मोजली जाते. नाशपातीत दडवलेला दुधी शंभरदा खाल्ला तरी ताटातला दुधी परकाच राहतो.

‘साखर घातलेली नाही’ यावर निर्धास्त होणं

वाक्य खरं असतं, पण अर्धं. फळ वाटलं की पेशींच्या भिंती फुटतात आणि आतली साखर सुटी होते. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेत तर वाटलेल्या फळातली साखर रसातल्या साखरेसारखीच धरतात. शंभर ग्रॅमच्या फळप्रधान पाऊचमध्ये एकूण साखर दहा-बारा ग्रॅम असणं नेहमीचं आहे, म्हणजे अडीच-तीन चमचे. अख्खं सफरचंद किसून दिलं तरी साखर असतेच, पण ते खायला वीस मिनिटं लागतात, अर्धं जमिनीवर सांडतं, आणि पोट भरलं की बाळ तोंड फिरवतं. चोखताना तोंड फिरवायची उसंतच मिळत नाही.

मागच्या तक्त्यात ‘एकूण साखर’ आणि ‘घातलेली साखर’ वेगवेगळी असते, दोन्ही बघा. यादीत फळाच्या रसाचा अर्क, खजुराची पेस्ट, गूळ किंवा मध दिसला तर पाऊच परत फळीवर ठेवा. मधाचं तर वेगळंच. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, बोटाने चाटवायलाही नाही, कारण त्यातून बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. आपल्याकडे बारशाला मध चाटवणाऱ्या आत्याबाईंना हे समजावणं पाऊच निवडण्यापेक्षा अवघड, हे मान्य.

आणखी एक गल्लत दुकानात होते. प्युरीच्या शेजारीच तशाच तोटीचे ‘फ्रूट ड्रिंक’चे पाऊच लटकत असतात. आपल्या नियमांनुसार अशा पेयात फळाचा रस दहा टक्के असला तरी चालतो, उरलेलं पाणी आणि साखर. दोन वर्षांच्या आत रस किंवा असली पेयं देऊ नयेत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं स्पष्ट मत आहे.

पाऊचला जेवण समजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि आपल्या घरांतल्या शहाण्यासुरत्या माणसांकडून होते. “आज त्याने एक पाऊच पूर्ण संपवला, आता खिचडी नको.”

हिशोब करून बघा. फळ-भाजीच्या पाऊचमध्ये शंभर ग्रॅममागे साधारण पन्नास-साठ कॅलरी. आईच्या दुधात शंभर मिलीमागे पासष्ट-सत्तर. म्हणजे पाऊच दुधापेक्षाही पातळ पडतो, आणि पोट एवढंसं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करतो ते दुधाला कमी पडणारं भरून काढायला. तिथेच आपण दुधाहून हलकं काही भरलं तर वजन अडतं, आणि आजी म्हणते, “बाळ अंग का धरत नाही?” उलट मऊ खिचडीत एक छोटा चमचा तूप घातलं की चाळीस-पंचेचाळीस कॅलरी तिथेच वाढतात. एका चमच्यात जवळजवळ एक पाऊच.

लोहाची गोष्ट त्याहून गंभीर. बाळ पोटातून लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडंच. सफरचंद-नाशपातीत ते नावापुरतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. दहातली जवळजवळ सात. त्यामुळे वाटीत मूग-मसूर हवेत, अंडं हवं, चालत असेल तर मासा किंवा खिमा नीट शिजवून बारीक करून हवा. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले असतील तर ते नियमाने द्यायचे. नाचणीचं सत्व कॅल्शियमला उत्तम, पण सत्व पातळ पाण्यासारखं केलं तर तेही पाऊचच्याच मार्गाने जातं. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट ठेवा.

मग फळाचा पाऊच कुठे बसतो? डाळ-भाताच्या शेवटी, चार-पाच चमचे. पेरू, संत्रं, पपई, आंबा अशा क जीवनसत्त्वाच्या फळांमुळे डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. उरलेला पाऊच मोठ्यांनी दह्यात कालवून खावा. आमच्याकडे बाबांना तो फार आवडतो.

तोटीतून चोखू देणं

पाऊचला तोटी दिली आहे ती आपल्या सोयीसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तर अशा पाकिटांवर ‘बाळाला थेट तोटीतून चोखू देऊ नये’ असं छापलं जावं, ही शिफारस केली आहे. गोड प्युरी चोखताना ती पुढच्या दातांवर पसरून राहते, आणि दिवसभर थोडी थोडी चोखली तर दात किडायला वेळ लागत नाही.

शिवाय चावायचं शिकणं मागे पडतं. ब्रिटनमधल्या मुलांच्या एका दीर्घकालीन अभ्यासात, नऊ महिन्यांनंतर प्रथमच गुठळ्यांचं अन्न मिळालेली मुलं सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी खाताना आणि खाण्याच्या जास्त कुरबुरी करताना दिसली. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच मिक्सर बाजूला ठेवा आणि काट्याने किंवा हाताने कुस्करा. केळं, शिजलेलं रताळं, लाल भोपळा, वरण-भात, सगळं कुस्करून चालतं. बोळक्या तोंडाने कसं चावणार, ही भीती अनाठायी. हिरड्या मऊ गुठळी सहज दाबतात. मात्र बाळ सरळ बसलेलं हवं, आणि तुम्ही समोर.

सांभाळण्यातल्या चुका थोडक्यात सांगते. पाकीट मायक्रोवेव्हमध्ये नको, त्यात बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. कोमट करायचंच तर वाटीत काढून गरम पाण्यात वाटी ठेवा. फुगलेला, चिकट झालेला किंवा उघडताना फुस्स आवाज करणारा पाऊच चाखूनही बघू नका. उघडलेला फ्रिजमध्ये पाकिटावर सांगितलेल्या मुदतीपर्यंतच, एरवी एक-दोन दिवस. पण बाळाने तोंड लावलं असेल किंवा उष्टा चमचा आत गेला असेल तर उरलेला फेकायचा. आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक नसलेला पाऊच, मग तो कितीही ‘घरगुती’ असो, घेऊ नका.

भारतात १९९२ च्या कायद्यानुसार, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करता येत नाही आणि पाकिटावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. तेव्हा मोबाइलवर एखादी ताई गोबऱ्या बाळाला पाऊच देत कूपन कोड सांगत असेल, तर ती जाहिरातच आहे, सल्ला नव्हे.

परदेशातून बॅग भरून आणताना

न्यू जर्सीची नणंद किंवा लंडनचा दीर सुट्टीत येताना डझनभर पाऊच घेऊन येतात. ब्रिटनमधल्या काही पाकिटांवर चार महिन्यांपासून असं लिहिलेलं असतं. ते वाचून उष्टावण अलीकडे ओढू नका. तिथली आरोग्यसेवाही सहा महिन्यांच्या सुमारास असंच सांगते.

२०२३ च्या शेवटी अमेरिकेत दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या पाऊचमध्ये शिसं सापडलं आणि लहान मुलांच्या रक्तापर्यंत ते पोहोचलं. दोष सफरचंदाचा नव्हता. इक्वेडोरमध्ये दळलेल्या दालचिनीत लेड क्रोमेट या शिसं असलेल्या रंगाची भेसळ झाल्याचं तपासात पुढे आलं. पाऊच परत मागवले गेले, पण घरात साठवलेले आपोआप परत जात नाहीत. साठा असेल तर बॅच क्रमांक तपासून घ्या. अमेरिकेच्या अन्न विभागाने जानेवारी २०२५ मध्ये बाळांच्या फळ-भाजीच्या अन्नासाठी शिशाची पातळी १० पीपीबी (अब्जात दहा भाग) ठरवली, आणि नुसत्या कंदमुळांच्या अन्नासाठी २०, कारण कंद मातीतून ते जास्त उचलतात. रोज एकच रताळ्याचा पाऊच देण्यापेक्षा आलटून पालटून देणं बरं, ते यासाठीच.

काही बिघडलंय असं वाटलं तर

नाकाचा शेंडा आणि तळवे पिवळे दिसू लागले, तर आधी डोळे बघा. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल आणि बाळ रोज गाजर-भोपळा-आंबा खात असेल तर तो कॅरोटीनचा रंग आहे, प्रमाण कमी केलं की काही आठवड्यांत उतरतो. डोळे पिवळे असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. बीटाच्या पाऊचनंतर लंगोट लालसर दिसला तर घाबरायचं कारण नाही, पण बीट दिलेलंच नसताना लाल दिसलं तर थांबू नका.

शी पातळ झाली असेल तर सफरचंद-नाशपातीचे पाऊच दोन दिवस बंद करून बघा. त्यांतल्या सॉर्बिटॉल नावाच्या साखरेसारख्या घटकाने पोट सुटतं. याच गुणामुळे शी घट्ट झाल्यावर नाशपाती कामाला येते. ताप, उलट्या किंवा सुस्ती बरोबर असेल तर मात्र पाऊचकडे बोट दाखवत बसू नका.

आणि सगळ्यात जास्त विचारलं जाणारं: तोटीशिवाय खातच नाही, काय करू? आमच्याकडे हे झालं होतं. पहिले दोन-तीन दिवस त्याच्यासमोरच पाऊचचा कोपरा कात्रीने कापून प्युरी वाटीत ओतली आणि एक चमचा त्याच्या हातात दिला. भिंत रंगली. मग त्याच प्युरीत रोज थोडी कुस्करलेली खिचडी मिसळायची, अर्धा चमचा, मग एक, मग दोन. दहाव्या-बाराव्या दिवशी वाटीत खिचडी जास्त होती आणि नाशपाती वासापुरती. एका दुपारी प्युरी संपली होती म्हणून नुसतीच खिचडी दिली, तर साहेबांनी काही तक्रार केली नाही. कापलेल्या तोट्या आणि झाकणं तेवढी त्याच क्षणी कचऱ्यात टाका. ती बरोबर बाळाच्या घशाच्या मापाची असतात, आणि आमच्या सोफ्याखाली ती तीनदा सापडली आहेत.